भिकबाळी, शेंडी आणि पुरुषत्वाची कल्पना

शाळांचे नवे वर्ष सुरू झाले की मुलांच्या डोक्याची आणि कानांची तपासणी सुरू होते. एखाद्याचे केस मानेवर उतरलेले असतात, एखाद्याच्या कानात बारीकशी बाळी असते. त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते, पालकांना चिठ्ठी जाते आणि दुसऱ्या दिवशी मुलगा केस कापून, बाळी काढून निमूटपणे बाकावर येऊन बसतो. कचेऱ्यांतून चिठ्ठी जात नाही एवढेच. वरिष्ठांची एक नजर आणि सहकाऱ्यांचे दोन विनोद तेच काम करतात. शिस्त हवी, गणवेश हवा, याबद्दल वाद नाही. परंतु या तपासणीच्या वेळी जी दोन कारणे सांगितली जातात त्यांचा विचार करणे अवश्य आहे. हे बायकी दिसते, असे पहिले कारण. हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे, असे दुसरे. या दोन कारणांना उत्तर म्हणून अलीकडे तिसरा एक सूर ऐकू येतो. कान टोचणे आणि केस राखणे ही आपली सनातन परंपरा असून तिच्यामागे गहन शास्त्र आहे, असे तो सूर सांगतो. पहिली दोन कारणे इतिहासाला धरून नाहीत. तिसऱ्या म्हणण्यात तथ्यांश पुष्कळ आहे; परंतु त्यातून जे निष्कर्ष काढले जातात, ते सगळेच त्या तथ्यातून निघत नाहीत.

प्रथम कानांचा विचार करू. कर्णवेध हा आपल्याकडील संस्कारांपैकी एक होय. सोळा संस्कारांच्या ज्या याद्या पुढे रूढ झाल्या, त्यांतील काहींत त्याला स्थान मिळाले. मात्र बहुतेक प्राचीन गृह्यसूत्रांत त्याचे विधान आढळत नाही. धर्मग्रंथांत तो उशिरा आला असला तरी वैद्यकात त्याचे सविस्तर वर्णन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचणे आणि फाटलेला कान सांधणे यांनाच वाहिलेला आहे. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असावे, त्याला मांडीवर घेऊन खेळण्यांनी रमवावे, वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ताणून सूर्यप्रकाशात ती जेथे पातळ दिसेल तेथे उजव्या हाताने सरळ वेध करावा, असे सुश्रुत सांगतो. पाळी पातळ असेल तर सुई वापरावी, जाड असेल तर आरी. मग छिद्रात कापसाची वात घालावी, तेल सोडावे आणि तीन तीन दिवसांनी थोडी जाड वात घालीत जावे. रक्त फार आले किंवा वेदना फार झाल्या, तर वेध चुकीच्या जागी झाला असे समजावे, हेही त्याने नमूद केले आहे.

या वर्णनातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. मुलगा असेल तर आधी उजवा कान टोचावा आणि मुलगी असेल तर आधी डावा, असे सुश्रुत म्हणतो. म्हणजे कान दोघांचेही टोचायचे. भेद आहे तो केवळ क्रमाचा. मूर्तिकारांनीही हाच विवेक पाळला. शिवाच्या मूर्तीत दोन कानांत दोन वेगळ्या प्रकारची कुंडले कोरण्याची पद्धत आहे; एका कानातले पुरुषाचे, दुसऱ्यातले स्त्रीचे. अर्धनारीश्वराच्या मूर्तीत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. दागिना असणे किंवा नसणे ही स्त्री-पुरुषांमधली सीमारेषा नव्हती. कोणता दागिना, एवढाच प्रश्न होता. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले आहेत. त्यामुळे विठ्ठल बायकी दिसतो असे कोणा वारकऱ्याच्या स्वप्नातही आलेले नाही. कर्णाची जन्मजात कवचकुंडले इंद्राने मागून नेली तेव्हा त्याचे सामर्थ्यच उणे झाले, असे महाभारतकार मानतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या खांद्यांवर केस रुळत आहेत, कानांत अलंकार आहेत आणि त्याच्या चेहऱ्यावरील करुणेला त्यामुळे कोठेही बाध आलेला नाही. त्याच परंपरेतील बुद्धाच्या मूर्ती पाहाव्यात. तेथे कानांच्या पाळ्या लांब आहेत, पण रिकाम्या आहेत. राजपुत्राने जड कुंडले उतरवून ठेवली, ही गोष्ट शिल्पकाराने त्या रिकाम्या पाळ्यांतून सांगितली, असे मानले जाते.

बाहेरून आलेल्यांना ही चाल चटकन डोळ्यांत भरली. अलेक्झांडरचा नौकाधिपती निआर्कस याने सधन भारतीय पुरुष कानांत हस्तिदंती कर्णभूषणे घालतात, अशी नोंद केली होती. ती आरियन या लेखकाने जपून ठेवली. अकराव्या शतकात अल्बेरूनीने हिंदूंच्या ज्या चालीरीती आपल्या लोकांच्या उलट वाटतात त्यांची यादी दिली, तीत पुरुषांचे केस न कापणे आणि कर्णभूषणे घालणे या गोष्टी आहेत. त्यालाही पुरुषांचे हे अलंकार बायकी वाटले होते. तेव्हा आज आपल्याकडील जो मुख्याध्यापक मुलाच्या कानाकडे बोट दाखवितो, तो आपल्या आजोबांच्या नव्हे, तर परक्या प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहत असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर फार मागे जाण्याचे कारण नाही. मराठी सरदारांच्या आणि पेशव्यांच्या चित्रांतून कानांतले मोत्यांचे चौकडे दिसतात. उजव्या कानाच्या वरच्या भागात घालावयाची भिकबाळी ही तर आपल्याकडील खास वस्तू. तिच्या नावाविषयी जी समजूत आहे ती मोठी हृद्य आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे जगलेल्या मुलासाठी चार घरी भीक मागून त्या पैशांची बाळी करून त्याच्या कानात घालावयाची. असे केले म्हणजे हे मूल कवडीमोलाचे आहे, असे समजून मृत्यू त्याच्याकडे दुर्लक्ष करील, ही त्यामागील भाबडी आशा. भिकू, धोंडू, दगडू, केरू ही नावे याच भयातून आली. मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणण्याची चालही त्यातलीच. आज मिरवणुकीत ऐटीने मिरवणाऱ्या या दागिन्याच्या पोटी बालमृत्यूचे केवढे दुःख साठले आहे, याची कल्पना फार थोड्यांना असेल.

केसांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे पुरुषाच्या डोक्यावरील केस हे त्याच्या जीवनातील स्थानाचे चिन्ह होते. ऋग्वेदात रुद्राला कपर्दी, म्हणजे जटा वळलेला, असे म्हटले आहे. वसिष्ठांच्या कुळातील पुरुष केसांची गाठ उजव्या बाजूस बांधीत, असा उल्लेखही तेथे येतो आणि दहाव्या मंडलात लांब केसांच्या मुनीचे एक स्वतंत्र सूक्त आहे. वनवासाला निघालेल्या राम-लक्ष्मणांनी गंगा ओलांडण्यापूर्वी वडाच्या चिकाने जटा वळल्या, तेव्हा त्यांनी राजपुत्रपण खाली ठेवल्याचे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. नंदिग्रामात राहून राज्य सांभाळणाऱ्या भरतानेही जटा राखल्या. मुद्राराक्षस नाटकातील चाणक्याची मोकळी शेंडी ही त्याची प्रतिज्ञाच आहे. कार्य तडीस गेल्यावर तो ती बांधतो. उलट, गौतमाने गृहत्याग करताच केस कापले, जैन मुनी केस उपटून काढतात आणि दशनामी परंपरेतील संन्यासी शेंडीसुद्धा ठेवीत नाहीत. जटा आणि मुंडण हे संसाराबाहेर जाण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग झाले. या दोहोंच्या मध्ये गृहस्थाची शेंडी. लहानपणी जावळ काढावयाचे, चौलात शेंडी राखावयाची, सोळाव्या वर्षाच्या सुमारास केशान्त करावयाचा, असा हा क्रम होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. परंपरा ही एकच नव्हती. लांब केस राखणारा जेवढा परंपरेतला, तेवढाच डोके गुळगुळीत करणाराही. म्हणून लांब केस हेच खरे हिंदू वळण, असे जे आज उत्साहाने सांगितले जाते, ते अर्धवट ज्ञानाचे फळ आहे.

मग पुरुषाचे केस आखूड हवेत आणि कान मोकळे हवेत, ही कल्पना आपल्यात आली कोठून? ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी राजवटीतील पलटण, कचेरी आणि शाळा यांच्या वाटेने आली. गंमत अशी की ती इंग्रजांचीही फार जुनी परंपरा नव्हती. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स १६४९ साली वधस्तंभाकडे गेला तेव्हा त्याच्या कानात मोती होता. अठराव्या शतकापर्यंत तेथील प्रतिष्ठित पुरुष खांद्यावर रुळणारे कृत्रिम केसांचे टोप घालून न्यायदान आणि राज्यकारभार करीत. पुढे तेथे पुरुषाचा वेष रंगहीन आणि अलंकारहीन झाला आणि नेमक्या त्याच टप्प्यावरचा इंग्रज आपल्याला साहेब म्हणून भेटला. त्याची त्या काळापुरती रुची आपण पुरुषत्वाचा शाश्वत नियम म्हणून उचलली. तेव्हा पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा आरोप करावयाचाच असेल, तर तो बाळी घालणाऱ्यावर करावा की आखूड केसांचा आग्रह धरणाऱ्यावर, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

हे परिवर्तन सुखासुखी झालेले नाही. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन १९१४ साली इंग्लंडला निघाले, तेव्हा बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी त्यांना शेंडी कापावी लागली आणि त्याचे त्यांना अतोनात दुःख झाले. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत असाच प्रसंग सांगितला आहे. १८८८ साली विलायतेला जाताना उघड्या डोक्यावर शेंडी दिसली तर लोक हसतील या भयाने त्यांनी ती काढली होती. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी एका संन्याशाने त्यांना शेंडी आणि जानवे नसल्याबद्दल टोकले. गांधींनी विचार केला. जे जानवे असंख्य हिंदूंना नाकारले जाते ते आपण घालणार नाही, असे त्यांनी ठरविले. शेंडी मात्र पुन्हा राखण्याचे मान्य केले, कारण ती केवळ खोट्या लाजेपोटी काढली गेली होती. परंपरेतील एक गोष्ट तिच्यातील विषमतेमुळे नाकारणे आणि दुसरी केवळ भित्रेपणाने सोडली म्हणून परत घेणे, हा विवेक या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

गांधींनी ज्या विषमतेवर बोट ठेवले, तिच्याकडे परंपरेचे अभिमानी सहसा पाहत नाहीत. कान आणि केस ही ज्याच्या त्याच्या मालकीची गोष्ट कधीच नव्हती. १९३० साली तामिळ मुलखातील रामनाड जिल्ह्यात कळ्ळर जातीच्या लोकांनी आदि-द्रविडांवर आठ निर्बंध लादले. त्यांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, पुरुषांनी अंगात सदरा किंवा कोट घालू नये आणि कोणीही केस आखूड कापू नयेत, अशी ती कलमे होती. जे. एच. हटन यांच्या जातिसंस्थेवरील ग्रंथात ती नोंदलेली आहेत. कानात सोने नको आणि डोक्यावर नव्या धर्तीचे केस नकोत, असे दोन्हीकडून बंधन! तेथे आखूड केस हे अनुकरण नव्हते. माणूस म्हणून उभे राहण्याची ती खूण होती. आपल्याकडे पोतराजाचे लांब केस पाहा. ते त्याने हौसेने राखलेले नसत. बालपणीच देवीला वाहिलेल्या मुलाच्या डोक्यावर ते नवसाने आणि जातीने चढविले जात. त्यामुळे एखाद्या पोतराजाने केस उतरविले, तर तो संस्कृतीचा ऱ्हास नसून एका माणसाची सुटका असते. आणि स्त्रियांच्या बाबतीत तर हे बंधन क्रौर्याच्या टोकाला गेले होते. विधवेने डोक्यावर केस ठेवावेत की नाही, हे तिच्याखेरीज सर्वांनी ठरवावयाचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्याच्या हाती वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला, ही आपल्या सामाजिक इतिहासातील एक उजळ घटना होय.

आजही या विषमतेचे अवशेष शिल्लक आहेत. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटानंतर भिकबाळीची हौस पुन्हा वाढली. गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथकांतून ती दिसते आणि लोक तिचे कौतुक करतात. तशीच बाळी एखाद्या धनगराच्या किंवा वडाराच्या मुलाच्या कानात दिसली, की मात्र तिच्यात गावंढळपणा दिसू लागतो. दागिना तोच, कानही तसाच. बदलते ती पाहणाऱ्याची नजर. ज्या नाथपंथाचा वारसा निवृत्तिनाथांच्या द्वारे ज्ञानदेवांपर्यंत पोचला, त्या पंथातील योगी दीक्षेच्या वेळी कानाच्या मध्यभागी चीर पाडून मोठी मुद्रा धारण करतात. तपश्चर्येचे ते चिन्ह. पण आपल्या भाषेत ‘कानफाट्या’ हा शब्द निंदेचा होऊन बसला. शब्दांच्या या प्रवासातून समाजाचे मन कळते.

आता शास्त्राच्या दाव्याविषयी. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते, अमुक नस दबून तमुक रोग टळतो, असे दावे आजकाल छातीठोकपणे केले जातात. या दाव्यांना आधुनिक वैद्यकाचा विश्वसनीय आधार नाही. खुद्द सुश्रुताने या अध्यायात कान टोचण्याची दोनच प्रयोजने सांगितली आहेत. एक रक्षण आणि दुसरे भूषण. त्याची खरी थोरवी निराळ्याच ठिकाणी आहे. जड कुंडलांनी पाळी फाटली तर ती कशी सांधावी, याचे पंधरा प्रकार तो सांगतो आणि त्याच अध्यायात कापलेले नाक नव्याने घडविण्याची रीतही देतो. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ केलेल्या अशाच नाकाच्या शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने नवे करून दिले होते. ती वाचून युरोपातील शल्यवैद्य या विद्येकडे वळले. पाळीला भोक पाडण्यापासून निघालेली ही विद्या एवढ्या उंचीवर पोचली, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु जे सुश्रुताने म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालून त्याचा गौरव होत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने दोन सूचना येथे करणे उचित होईल. एकच सुई निर्जंतुक न करता अनेकांना वापरली, तर कावीळ-ब सारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. धनुर्वाताचेही भय असते. आपल्या देशातील लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार या दोन्ही रोगांवरील लसी बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत दिल्या जातात. त्यानंतर कान टोचणे अधिक सुरक्षित. आणि सुश्रुताने सांगितलेला सहावा-सातवा महिना या मुदतीनंतरच येतो, हा एक सुखद योगायोग समजावा. दुसरे असे की भिकबाळीची जागा ही कानाच्या कूर्चेत, म्हणजे चिवट हाडासारख्या भागात येते. तेथे रक्तपुरवठा कमी असल्याने जखम चिघळल्यास ती लवकर भरत नाही आणि कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही आपली म्हण लाक्षणिक अर्थाने वापरली जात असली, तरी मूळ अर्थानेही ती शहाणपणाची आहे. हात जाणकाराचा हवा आणि आज त्या हातातील सुई निर्जंतुकही हवी.

राहता राहिला शाळेचा आणि कचेरीचा प्रश्न. यंत्रावर काम करणाऱ्याचे केस बांधलेले असावेत, खेळाच्या तासाला लोंबते दागिने नसावेत, हे नियम योग्यच आहेत. परंतु ते मुलालाही लागू हवेत आणि मुलीलाही, कारण त्यांचा आधार सुरक्षितता हा आहे. मुलीने दोन वेण्या घालून यावे आणि मुलाचे तेवढेच नीट बांधलेले केस मात्र शिस्तभंग ठरावेत, याला सवयीखेरीज दुसरे कारण देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधी दिलेल्या निकालात वेष आणि देहाचे रूप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. हे तत्त्व मोठ्या न्यायालयात मान्य व्हावे आणि आठवीच्या वर्गात अमान्य राहावे, हे विसंगत नव्हे काय? या वयातील मुलाला ‘बायकी’ म्हणून हिणवले, की त्याचे दोन परिणाम होतात. त्या मुलाच्या मनाला कायमचा चरा पडतो. आणि वर्गातील मुली आपोआप हे शिकतात की त्यांच्यासारखे असणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. एका शब्दाने दोघांचा अपमान होतो.

तेव्हा परंपरेचा आधार घ्यावयाचा असेल तर तो पुरता घ्यावा. कान टोचलेला आणि न टोचलेला, जटाधारी आणि मुंडित, असे सगळेच त्या परंपरेत आहेत. आणि बंधने लादणारे व ती तोडणारे, हेही तिच्यातच आहेत. यांतून काय निवडावे, हे ज्याचा कान आणि ज्याचे केस त्याने कळत्या वयात ठरवावे. कोणी नवस म्हणून, कोणी हौस म्हणून, कोणी आजोबांची आठवण म्हणून बाळी घालील. कोणी यांतले काहीच करणार नाही. या सर्वांना एकाच बाकावर सन्मानाने बसता आले पाहिजे. यास्काच्या निरुक्तात गुरूविषयी एक जुनी कल्पना आढळते. जो शिष्याचे कान सत्याने टोचतो, त्याला वेदना न देता अमृत देतो, त्याला माता आणि पिता मानावे, असा तिचा आशय आहे. कान टोचण्याची ही कला आपल्या शिक्षकांना साधली, तर मुलांच्या कानांत आणखी काय आहे याची चिंता करण्याचे त्यांना फारसे कारण उरणार नाही.